०.६७ सेकंदांसाठी ९ वर्षं का लागली? केटी लेडेकीचं करिअर सोप्या भाषेत

अमेरिकन स्विमर केटी लेडेकीचं नाव निघालं की लोक लगेच मेडल मोजायला बसतात. ऑलिम्पिकची एकूण १४, त्यातली ९ गोल्ड, अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही बाईला ऑलिम्पिकमध्ये एवढी मिळालेली नाहीत. मोजा, काही हरकत नाही, पण मेडलचा ढीग बघून ही बाई पाण्यात नेमकं करते काय ते कळत नाही. मला विचाराल तर तिचं अख्खं करिअर दोन टायमिंगमध्ये बसतं. पहिलं, रिओ ऑलिम्पिक, ऑगस्ट २०१६, ८०० मीटर फ्रीस्टाइल, ८ मिनिटं ४.७९ सेकंद. दुसरं, अमेरिकेतलं फोर्ट लॉडरडेल, मे २०२५, तीच रेस, ८ मिनिटं ४.१२ सेकंद. दोन्ही वेळा वर्ल्ड रेकॉर्ड, दोन्ही वेळा तीच, पहिल्यांदा वय १९ आणि दुसऱ्यांदा २८. फरक फक्त ०.६७ सेकंद.

आता गंमत बघा. या रेसचं रेकॉर्ड तिने पहिल्यांदा मोडलं ते २०१३ ला बार्सिलोनात, ८:१३.८६. तिथून रिओपर्यंत तीन वर्षांत तिने ९ सेकंद उतरवले. आणि पुढच्या जवळपास ९ वर्षांत? पाऊण सेकंदसुद्धा नाही. मग ती मधली वर्षं ती करत काय होती, संपली होती का? (बरेच जण तसंच म्हणत होते, २०१९ नंतर तर उघडच.) याचं उत्तर नीट समजून घ्यायचं तर आधी पाणी समजून घ्यावं लागेल, मग लांब पल्ल्याची रेस, आणि मग केटीबाई.

सुरुवात अगदी बेसिकपासून करू. ऑलिम्पिकचा पूल ५० मीटर लांब असतो. आपल्याकडे सोसायटीत, क्लबात असतात ते पूल बहुतेक २५ मीटर किंवा त्याहून लहान, त्यामुळे ५० मीटर म्हणजे किती हे पहिल्यांदा बघताना जरा दडपणच येतं. ८०० मीटर म्हणजे असे १६ लॅप आणि मध्ये १५ टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं. १५०० मीटर म्हणजे ३० लॅप, २९ टर्न. ८:०४ मध्ये ८०० मीटर याचा हिशोब केला तर दर ५० मीटरला साधारण ३०.३ सेकंद पडतात, आणि असे एकामागून एक सोळा. ताशी वेग काढला तर जेमतेम ६ किलोमीटर येतो. म्हणजे सकाळी बागेत झपझप चालणारे काका असतात ना, ते पूलच्या कडेने चालत राहिले तर जगातल्या सगळ्यात वेगवान बाईच्या बरोबरीने चालतील. ऐकून वाटतं एवढंच? पण तिथेच पाण्याचा हिसका आहे.

पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट असतं. तुम्ही पुढे जायला लागलात की ते मागे ढकलतं, आणि वेग वाढवला की हा विरोध सरळ हिशोबात वाढत नाही, वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद तर साधारण घनाने. शाळेतलं गणित आठवा, १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ किती, तर १.३३. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त घालायची. आणि १ टक्का वेगाने जायचं तर साधारण ३ टक्के जास्त. ८:०४ च्या रेसमध्ये १ टक्का म्हणजे जवळजवळ ५ सेकंद, त्यावरून अंदाज करा.

या एका गोष्टीमुळे लांबची रेस छोट्या रेसपेक्षा पूर्ण वेगळा खेळ होऊन बसते. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ब्रॉंझ मिळवलं ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये, ती रेस अर्ध्या मिनिटाच्या आत खल्लास. तिथे हिशोब करायला वेळच नसतो, असेल नसेल ती ताकद पहिल्या स्ट्रोकपासून ओतायची. ८ मिनिटांच्या रेसमध्ये असं केलंत तर तिसऱ्या मिनिटाला तुम्ही लेनच्या दोरीला लटकलेले दिसाल. कारण शरीर ताकद दोन मार्गांनी बनवतं, एक ऑक्सिजन वापरून, हा मार्ग हळू पण बराच वेळ चालणारा, आणि दुसरा ऑक्सिजनची वाट न बघता, हा जबरदस्त पण लवकर संपणारा, आणि संपताना हातपाय असे जड करून जातो की विचारू नका. ८०० मध्ये बहुतेक सगळं काम पहिल्या मार्गाने होतं. दुसरा मार्ग हा शिल्लक ठेवायचा पैसा, शेवटच्या दोन लॅपला काढायचा.

आणि वरचं घनाचं गणित इथे परत आडवं येतं. सुरुवातीला जोरात गेलात तर जादा ताकद जाते खूप आणि वाचतात सेकंद थोडे, नंतर हळू झालात तर ताकद वाचते थोडी आणि जातात सेकंद खूप. म्हणजे एकसारख्या वेगाने पोहणं सगळ्यात स्वस्त. याला पेसिंग म्हणतात, आणि लांब पल्ल्याच्या पोहण्यातलं अर्धंअधिक शहाणपण या एका शब्दात आहे. टीव्हीवर बघताना ८०० ची रेस कंटाळवाणी वाटते ना, तर पुढच्या वेळी प्रत्येक ५० मीटरला स्क्रीनवर येणारे आकडे बघा, ३०.४, ३०.३, ३०.५, ३०.३... हे आकडे हलले नाहीत की समजायचं आत काहीतरी भारी चाललंय.

आता लेडेकी. जन्म १७ मार्च १९९७, वॉशिंग्टन डीसी, लहानपण शेजारच्या मेरीलँडमधल्या बेथेस्डात. आई युनिव्हर्सिटीच्या टीमकडून पोहलेली. सहाव्या वर्षी मोठ्या भावाबरोबर जवळच्या क्लबात पोहायला लागली. इथपर्यंत कुठल्याही अमेरिकन मुलीची गोष्ट. मग २०१२, लंडन ऑलिम्पिक, वय १५, अमेरिकेच्या टीममधली सगळ्यात लहान. ८०० च्या फायनलला प्रेक्षक सगळे रेबेका अ‍ॅडलिंग्टनच्या बाजूचे, ती ब्रिटिश, बीजिंगची गोल्ड मेडलिस्ट, वर्ल्ड रेकॉर्ड तिच्याच नावावर. आणि ही पोरगी पहिल्या काही लॅपलाच पुढे निघाली. अशा वेळी जाणकार काय म्हणतात माहितीये, लहान आहे, अनुभव नाही, एक्साइट झाली, आता मरेल मागे. ती काही मेली नाही. ८:१४.६३, गोल्ड, दुसरी आली ती चार सेकंदांहून मागे, आणि अ‍ॅडलिंग्टनचं ८:१४.१० चं रेकॉर्ड थोडक्यात, अर्ध्या सेकंदाने वाचलं.

तर मग एकसारख्या वेगाचा नियम हिने मोडला का? नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ती जोरात सुरू करते असं आपल्याला वाटतं कारण आपण तिला बाकीच्यांशी ताडून बघतो. बाकीच्यांना जो वेग पहिल्या १०० मीटरपुरता जमतो तो तिला १६ लॅप जमतो, म्हणजे तिच्या हिशोबाने ती शांतपणे, ठरलेल्या पेसवरच चाललेली असते. पंचाईत शेजारच्या लेनवालीची होते. तिच्याबरोबर जावं तर पाचशे मीटरला जीव जातो, मागे राहावं तर ती दिसेनाशीच होते. रिओच्या ८०० मध्ये दुसरी आलेली जॅझ कार्लिन ११.३८ सेकंद मागे होती. पाण्यात हे अंतर साधारण १८ मीटर होतं. टीव्हीवाल्यांना कॅमेऱ्यात दोघींना एकत्र धरताना काय कसरत करावी लागली असेल!

हे येतं कुठून? शरीर, अर्थातच, पण नुसतं शरीर म्हणून सोडून दिलं तर समजावून काय सांगितलं. तिचा स्ट्रोक बघा. तिचा सुरुवातीचा कोच युरी सुगियामा, त्याने तिला पुरुष पोहतात त्या धाटणीचा स्ट्रोक शिकवला. पोहण्याच्या दुनियेत त्याला गॅलप म्हणतात, घोड्याच्या चालीवरून. साध्या फ्रीस्टाइलमध्ये डावा उजवा हात एकसारख्या तालात फिरतात, पण हिचा ताल जरासा लंगडा, एका बाजूला श्वास घेताना शरीर किंचित उचललं जातं आणि मग पुढे पसरलेल्या हातावर वजन टाकून ती सरकते. मायकल फेल्प्सच्या फ्रीस्टाइलमध्येही हे दिसायचं. फायदा असा की प्रत्येक स्ट्रोकला अंतर जास्त मिळतं. तोटा असा की हे करायला पोटाची, कमरेची, खांद्याची ताकद लागते आणि आठ मिनिटं ती टिकवावी लागते, म्हणून बरीच वर्षं हा स्प्रिंटर आणि मधल्या अंतरवाल्या पुरुषांचा स्ट्रोक समजला जायचा.

पायांचंही एक गणित आहे. मांड्यांचे स्नायू सगळ्यात मोठे, म्हणजे ऑक्सिजनही सगळ्यात जास्त तेच पितात, आणि पुढे ढकलायच्या कामात त्यांचा वाटा हातांच्या मानाने कमी. म्हणून लांब पल्ल्याचे बरेच पोहणारे दोन हातांच्या एका फेरीत फक्त दोनच किक मारतात, पाय नुसते वर तरंगत ठेवायला. स्प्रिंटवाले सहा मारतात. हिशोबी माणूस सात मिनिटं पाय राखून ठेवतो आणि शेवटच्या १०० मीटरला सहाच्या गिअरमध्ये जातो, तुम्ही शेवटी जो फेस उसळलेला बघता तो हाच.

आणि डोकं. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिने एक व्हिडिओ टाकला होता, डोक्यावर चॉकलेट दुधाचा ग्लास ठेवून पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली आणि ग्लास पडला नाही. लोकांनी मजा म्हणून बघितला, जगभर लाखोंनी शेअर केला, पण पोहणाऱ्यांना त्यात वेगळंच दिसलं. डोकं हललं की कंबर हलते, कंबर हलली की पाय बुडतात, पाय बुडाले की पाण्याला अडवायला मोठी भिंतच मिळते. डोकं एवढं स्थिर असेल तर फुकट जाणारी ताकद किती वाचत असेल बघा. (त्या वेळी नाकातोंडाजवळ स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी होती, म्हणजे श्वासाला मान वळवायची नव्हती, हे सांगायला पाहिजे नाहीतर कोणीतरी घरी ग्लास फोडेल.)

लंडननंतर सुगियामा दुसरीकडे कोच म्हणून गेला आणि तिला ब्रूस गेमेल मिळाला. या दोघांनी २०१३ मध्ये रिओसाठी टार्गेट ठरवलं, ४०० मीटर ३:५६ आणि ८०० मीटर ८:०५. ते पायात धरायच्या फोमच्या ठोकळ्यावर, म्हणजे पुल बॉयवर, तिने ५६५ असं लिहून ठेवलं, छप्पन्नचा ५६ आणि पाचचा ५. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. त्या वेळी ८०० चं रेकॉर्ड तिचंच होतं आणि ते ८:१३ होतं हे लक्षात घ्या, म्हणजे स्वतःच्याच वर्ल्ड रेकॉर्डच्या पुढे आठ नऊ सेकंद. आणि रिओत ती काय पोहली? ३:५६.४६ आणि ८:०४.७९. तीन वर्षं आधी ठरवलेला आकडा एवढा जवळून लागलेला मी तरी दुसऱ्या कुठल्या खेळात बघितलेला नाही.

हे ९ सेकंद किती मोठे आहेत ते कळायला मागचा इतिहास बघा. जॅनेट इव्हान्सने १९८९ मध्ये ८:१६.२२ केलं. ते मोडायला १९ वर्षं गेली, २००८ ला अ‍ॅडलिंग्टनने ८:१४.१० केलं, म्हणजे १९ वर्षांत दोन सेकंद आणि वर थोडं. त्यातही २००८ आणि २००९ ही त्या खास सूटची वर्षं. तो किस्सा थोडक्यात, तेव्हा असे पोहण्याचे सूट निघाले जे अंग आवळून गुळगुळीत करायचे आणि पाण्यावर थोडं उचलून धरायचे, २००९ च्या रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४३ वर्ल्ड रेकॉर्ड पडले, मग सगळ्यांनाच लाज वाटली आणि २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. बंदी आल्यावर लोक म्हणाले की ही रेकॉर्ड आता पिढीभर हलत नाहीत. लेडेकीने साध्या कापडी सूटमध्ये ४०० चं फेडेरिका पेलेग्रिनीचं रेकॉर्ड २०१४ ला घेतलं, ८०० चं त्याआधीच घेतलं होतं.

शिवाय ती एकाच अंतराची राणी नव्हती. २०१५ ला रशियात कझानला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे २००, ४००, ८००, १५०० अशी फ्रीस्टाइलची चारही गोल्ड आणि वर रिलेचं एक. एका संध्याकाळी तिने १५०० च्या फायनलमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड केलं आणि थोड्याच वेळात २०० च्या सेमीफायनलला उभी राहिली, आणि फायनलला पोचलीसुद्धा. २०० मीटर दोन मिनिटांच्या आतली रेस, तिथे तो दुसरा, ऑक्सिजनशिवायचा मार्ग भरपूर लागतो, १५०० ही पाव तासाची, दोन्हीसाठी स्नायू वेगळे तयार करावे लागतात. एकाच शरीरात दोन्ही सांभाळायचं म्हणजे ट्रेनिंगमध्ये रोज तडजोड. आणि बरेच लोक विसरतात की याच वर्षी तिला पॉट्स नावाचा त्रास असल्याचं निदान झालं होतं. यात माणूस उभा राहिला की हृदयाचे ठोके एकदम वाढतात, गरगरतं, थकवा येतो. तिने हे जगाला सांगितलं २०२४ मध्ये. नऊ वर्षं हूं नाही की चूं नाही.

तर रिओला चार गोल्ड आणि एक सिल्व्हर, वय १९, तिघीचौघींचं करिअर एकटीने करून झालेलं. आणि इथून पुढे आकडे थांबले.

का थांबले याची कारणं एक नाही, पाचसहा आहेत, आणि मला वाटतं बाहेरच्यांनी त्यातलं सगळ्यात सोपं तेवढं धरलं, वय झालं म्हणून. पहिलं कारण तर वर सांगितलेलं घनाचं गणितच. ८:१३ वरून ८:०५ ला येताना प्रत्येक सेकंद आधीच्यापेक्षा महाग होत जातो, तुम्ही भिंतीच्या जितके जवळ जाल तितकी भिंत जाड. दुसरं, रिओनंतर ती स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत गेली, आणि अमेरिकेत कॉलेजचं पोहणं २५ यार्डांच्या पूलमध्ये होतं. यार्ड मीटरपेक्षाही लहान, म्हणजे सारखी भिंत, सारखा टर्न, सारखा भिंतीला लाथ मारून आराम. लेडेकीची ताकद मोकळ्या पाण्यात, भिंतींच्या मधल्या लांब पट्ट्यात. तरी २०१८ च्या मे महिन्यात तिने १५०० मध्ये १५:२०.४८ केलंच, म्हणजे संपली वगैरे म्हणणाऱ्यांनी तेव्हाच थोडा दम धरायला हवा होता.

मग २०१९, दक्षिण कोरियातलं ग्वांगजू. ४०० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एरियान टिटमसने तिला शेवटच्या लॅपला गाठून हरवलं. लेडेकी आजारी होती, २०० आणि १५०० मधून नाव काढून घेतलं, आणि तशा अवस्थेत शेवटी ८०० जिंकली. त्यानंतर कोरोना. स्टॅनफर्डचा पूल बंद, कित्येक आठवडे ती आणि तिच्यासारखीच स्विमर सिमोन मॅन्युएल कोणाच्या तरी घरामागच्या दोन लेनच्या पूलमध्ये प्रॅक्टिस करत होत्या. ऑलिम्पिक चॅम्पियन, घरामागच्या पूलमध्ये.

टोकियो ऑलिम्पिक २०२१ ला झालं. ४०० मध्ये टिटमस ३:५६.६९, लेडेकी ३:५७.३६, म्हणजे रिओच्या रेकॉर्डनंतरची तिची फार वेगवान रेस आणि तरी सिल्व्हर. २०० मध्ये पाचवी. फायनल सकाळी होत्या तिथे, म्हणजे आपल्याकडे पहाट संपून चहा होत असताना, आणि ती २०० मधली पाचवी जागा झाल्यावर साधारण तासाभराने तिची पुढची फायनल होती, १५०० ची. ती जिंकली.

या १५०० वर जरा थांबतो कारण मला यात खरा राग येतो. पुरुषांना ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर १९०८ पासून आहे. बायकांना ८०० मिळालं १९६८ ला, आणि १५०० मिळालं थेट टोकियोला. मधल्या काळात बायका वर्ल्ड चॅम्पियनशिपला १५०० पोहत होत्या, रेकॉर्ड करत होत्या, कोणी बुडालं नव्हतं. लेडेकी २०१३ पासून या रेसमध्ये जगात एक नंबर, म्हणजे रिओत ही रेस असती तर तिचं अजून एक गोल्ड जवळपास नक्की होतं. तिच्या मेडलची कोणा जिम्नॅस्टशी, कोणा फेल्प्सशी तुलना चालते तेव्हा हे कोणी धरत नाही.

टोकियोनंतर तिने घर आणि कोच दोन्ही बदललं. फ्लोरिडा युनिव्हर्सिटी, गेन्सव्हिल, कोच अँथनी नेस्टी. हे नाव ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, सुरिनामचा माणूस, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मॅट बियोंडीला एका शतांश सेकंदाने हरवून गोल्ड घेतलेला. सेकंदाच्या शंभराव्या भागाची किंमत त्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच्याकडे तिला मिळालं ते म्हणजे रोजची सोबत, बॉबी फिंकसारखे लांब पल्ल्याचे पुरुष, तोच फिंक ज्याने टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही जिंकलं. स्वतःपेक्षा वेगवान कोणी शेजारी नसेल तर रोज सकाळी नुसतं घड्याळाशी भांडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं घड्याळाशी भांडून माणूस शिळा होतो. पोरांच्या मागे लागून पोहायचं म्हटलं की रोजच्या प्रॅक्टिसचाच वेग वर जातो.

ट्रेनिंगबद्दल बोलतोय तर टेपर हा प्रकार सांगून टाकतो. वर्षभर पोहणारा माणूस थकलेलाच असतो, मुद्दाम. मोठी मीट, म्हणजे स्पर्धा आली की शेवटच्या दोनतीन आठवड्यांत मीटर कमी करत आणतात, शरीर भरून निघतं आणि स्पर्धेच्या दिवशी ताजं होतं. याचा अंदाज चुकला, जास्त आराम झाला किंवा कमी झाला, तरी ८०० मध्ये दोन सेकंद इकडचे तिकडे. म्हणून मधल्या महिन्यातल्या एखाद्या रेसचा निकाल बघून कोणाला संपवू नये, आणि डोक्यावरही घेऊ नये.

फेब्रुवारी २०२४ ला मात्र खरंच धक्का होता. फ्लोरिडातल्याच ऑर्लँडोला एका मीटमध्ये कॅनडाची समर मॅकिंटॉश, वय १७, ८:११.३९, लेडेकी दुसरी. २०१० नंतर ८०० च्या फायनलमध्ये ती पहिल्यांदाच हरली होती. तेरा वर्षं! हरल्यावरच कळलं की इतकी वर्षं हरलीच नव्हती. तोपर्यंत जगातल्या सगळ्यात वेगवान ८०० च्या यादीत वरच्या दहाच्या दहा वेळा तिच्याच होत्या, खाली कितीतरी उतरावं तेव्हा दुसरं नाव यायचं.

त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिम्पिकला ४०० मध्ये ब्रॉंझ, टिटमस आणि मॅकिंटॉश पुढे. १५०० मध्ये १५:३०.०२, ऑलिम्पिक रेकॉर्ड, मागे कोणी दिसत नव्हतं. आणि ८०० मध्ये टिटमस तिला चिकटून आली, शेवटपर्यंत, लेडेकी ८:११.०४ आणि टिटमस ८:१२.२९. एकच रेस सलग चार ऑलिम्पिकमध्ये जिंकणारी ती पहिली महिला स्विमर ठरली. पण ८:११ बघून शहाणे लोक म्हणाले, बघा, आता जिंकते ती अनुभवावर, ८:०४ चे दिवस गेले. खरं सांगायचं तर मलाही ते पटण्यासारखं वाटत होतं, आकडे तेच सांगत होते.

आणि मग २०२५, फोर्ट लॉडरडेल, उघड्या आकाशाखालचा पूल, ऑलिम्पिक नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिप नाही, हंगामातली एक नेहमीची मीट. आठवड्याच्या सुरुवातीला १५०० मध्ये १५:२४.५१, तिच्या स्वतःच्या रेकॉर्डनंतरची जगातली दुसरी सगळ्यात वेगवान वेळ. मग ४०० मध्ये ३:५६.८१, रिओनंतरची तिची सगळ्यात वेगवान. हे दोन आकडे आल्यावर जाणकारांच्या लक्षात आलं की काहीतरी शिजतंय. ३ मे ला ८००. ८:०४.१२. भिंतीला हात लावून मागे बोर्ड बघितला आणि पाण्यावर हात आपटले तिने, जी एरवी जिंकल्यावर जेमतेम हसते.

पाण्याच्या भाषेत ते ०.६७ सेकंद म्हणजे एक मीटर आणि वर थोडं. २०१६ ची लेडेकी बाजूच्या लेनमध्ये असती तर ती एका हाताच्या अंतराने मागे राहिली असती, ८०० मीटरनंतर. पण त्या एक मीटरसाठी शरीर नऊ वर्षं जुनं झालेलं असताना सगळं पुन्हा बांधावं लागतं. १९ व्या वर्षी प्रॅक्टिसचा थकवा रात्रीत उतरतो, २८ व्या वर्षी उतरत नाही, मग मीटर कमी, ताकदीचं काम जास्त, झोप मोजून. इव्हान्स सोलला तीन गोल्ड जिंकली तेव्हा १७ ची होती. अ‍ॅडलिंग्टन २३ व्या वर्षी रिटायर झाली. लांब पल्ल्याची बाई विशीत म्हातारी होते असं धरूनच हा खेळ चालत आला होता.

त्यानंतर साधारण महिनाभराने मॅकिंटॉशने कॅनडाच्या ट्रायल्समध्ये ८:०५.०७ केलं, म्हणजे पाठीमागून पावलांचा आवाज यायला लागला होता. ऑगस्टमध्ये सिंगापूरला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, मॅकिंटॉश, ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर आणि ही, तिघी शेवटच्या १०० मीटरपर्यंत खांद्याला खांदा लावून. जिने रिओत १८ मीटरने रेस मारली तिला आता शेवटच्या दोन लॅपसाठी पाय राखून ठेवावे लागले, आणि तिने राखले होते. लेडेकी ८:०५.६२, पॅलिस्टर ८:०५.९८, मॅकिंटॉश ८:०७.२९. वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ८०० चं तिचं हे सातवं गोल्ड. माझ्या मते तिची सगळ्यात चांगली रेस हीच, रिओची नाही, कारण रिओत तिला कोणी प्रश्नच विचारला नव्हता.

टिटमस ऑक्टोबर २०२५ मध्ये रिटायर झाली, वय २५. लेडेकी म्हणते लॉस एंजेलिस २०२८ ला पोहायचंय. तेव्हा ती ३१ ची असेल आणि मॅकिंटॉश २१ ची.